मांजराचा पट्टा सुटणाराच पाहिजे: खेड्यात राहून सेफ कॉलर शोधल्याचा अनुभव

मांजराच्या पट्ट्याबद्दल मोबाईलवर काही शोधायला गेलं की फ्लॅटमधली केसाळ मांजरं दिसतात, सोफ्यावर बसलेली, गळ्यात बो बांधलेला. आमची बुक्की त्यातली नाही. काळीकुट्ट गावठी मांजर, वजन सव्वातीन किलो, मुक्काम वर्धा जिल्ह्यातलं एक खेडं, दिवसा कवेलूवर झोपणार आणि रात्री कुठे हिंडते ते तिचं तिलाच माहीत. नाव सासूबाईंनी ठेवलं, पंढरपूरच्या बुक्क्यावरून. तिच्यासाठी धड पट्टा मिळेपर्यंत दिवाळीची संक्रांत झाली, मध्ये इतकं काय काय विचारावं लागलं आणि इतक्या लोकांनी वेड्यात काढलं की म्हटलं हे सगळं एका जागी लिहूनच ठेवावं, आपल्याकडच्या कोणाला गरज पडली तर तेवढीच धावपळ वाचेल.

सुरुवात २०२४ च्या दिवाळीत झाली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, संध्याकाळी चौकात पोरांनी सुतळी बॉम्ब लावले आणि बुक्की जी पळाली ती पळालीच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. माझी पोरगी जेवेना. शेवटी नाल्यापलीकडच्या एका घरी सापडली, टोपल्याखाली झाकून ठेवलेली, वर दगड. त्या बाईंचा काही वाईट हेतू नव्हता हे आधीच सांगते. काळी मांजर, दोन दिवस घरात घुसून दूध पिऊन रायली, कोणाची ते माहीत नाही, म्हणून पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून द्यायचा त्यांचा विचार होता. मला म्हणाल्या, "आमाले का माहीत बाई तुमची हाय म्हणून? गळ्यात काही असतं तं समजलं असतं ना."

बरोबरच होतं त्यांचं. काळ्या मांजराला खेड्यात आधीच कोणी वाली नसतो, आडवं गेलं की लोक दगड मारतात. गळ्यात पट्टा दिसला की निदान हात उचलायच्या आधी माणूस विचार करतो की ही कोणाच्या तरी घरची आहे. आणि नंबर लिहिलेला असला तर फोन येऊ शकतो. एवढ्या दोन गोष्टींसाठी मला पट्टा पाहिजे होता.

पण माझ्या माहेरी लहानपणी एक बोका होता, त्याच्या गळ्यात आजोबांनी सुतळीत ओवून घुंगरू बांधलेलं होतं आणि तो कुंपणाच्या तारेत अडकून गेला. म्हणून गळ्यात काहीही बांधायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. त्यामुळे आधी नीट माहिती काढायची, मगच बांधायचं हे पक्कं होतं.

दिवाळी संपली की बाजूच्या गावचा आठवडी बाजार गाठला. तिथे जनावरांच्या साजाचं एक दुकान लागतं, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, पोळ्याच्या उरलेल्या झुली, आणि एका खिळ्याला कुत्र्यांचे पट्टे. त्याच्या मागे एक झुबका होता बारीक नायलॉन पट्ट्यांचा, गुलाबी, हिरवे, प्रत्येकाला छोटी घंटी. साठ रुपये. मी विचारलं, भाऊ हा ओढल्यावर सुटतो का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "सुटन कायले ताई? मजबूत हाय. वढून पाहा, कुत्रंही तोडू नाही शकत." त्याने खरंच दोन हातांनी जोर लावून ओढून दाखवला. मी म्हटलं मला सुटणाराच पाहिजे. बाजूला उभे असलेले दोन माणसं हसायला लागले. एक आजोबा म्हणाले, सुटते तं मंग बांधता कायले?

हा प्रश्न पुढे मला जवळपास सगळ्यांनीच विचारला, घरच्यांनी धरून.

तर आता जरा पट्ट्यांचे प्रकार सांगते कारण फोटोत सगळे सारखेच दिसतात आणि तिथेच माणूस फसतो. एक म्हणजे कंबरेच्या पट्ट्यासारखा, काटा आणि भोकं असलेला. हा मेला तरी सुटत नाही, मांजरासाठी विषयच सोडा. दुसरा म्हणजे प्लास्टिकच्या क्लिपचा, शाळेच्या दप्तराला असते तीच क्लिप, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली तरच उघडते. बाजारातले साठवाले हेच. मांजर फांदीला लटकली तर ती क्लिप दाबायला कोण जाणार? तिसरा इलॅस्टिकचा, सगळा किंवा अर्धा पट्टा ताणला जातो म्हणजे मांजर मान काढून घेईल अशी कल्पना. ऐकायला बरं वाटतं, पण होतं असं की मान काढताना पुढचा पाय नाहीतर खालचा जबडा त्यात जातो आणि तिथेच अडकतो. आणि चौथा म्हणजे ब्रेकअवे, याचीही क्लिप दिसायला दप्तरासारखीच, पण जोराचा हिसका बसला की आपोआप उघडते. आपल्याला हा पाहिजे.

दिसायला सारखी क्लिप ओळखायची कशी तर क्लिप उघडून आतले दोन काटे पाहा. पक्क्या क्लिपच्या काट्यांचे खांदे काटकोनात असतात, खाचेत जाऊन अटकून बसणारे. सुटणाऱ्या क्लिपचे खांदे उतरते, गोलसर असतात म्हणून ओढलं की घसरून बाहेर येतात. अर्थात पाहून अंदाज येतो, खात्री ओढूनच करायची, ते पुढे सांगते.

मध्ये मी ठरवलं की डॉक्टरांनाही विचारून घ्यावं आणि त्याच निमित्ताने रेबीजची लसही टोचून घ्यावी, बाहेर फिरणारं मांजर आहे. आमच्याकडे जवळचा म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, शेजारच्या मोठ्या गावात. पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्याच्या आगेमागे कोणाची ना कोणाची निवडणूक ड्युटी, दवाखान्याला कुलूप नाहीतर नुसते शिपाईभाऊ. तेव्हा निवडणुकीचा हंगाम असेल तर आधी फोन करूनच निघा.

मतदानानंतर डॉक्टर साहेब भेटले. केसपेपर करताना मजा झाली, जनावराच्या रकान्यात गाय, बैल, म्हैस, शेळी असं सगळं होतं, मांजर कुठेच नाही. शेवटी "इतर" मध्ये टाकलं आणि मालकाच्या नावापुढे सवयीने सातबाऱ्यावरचं नाव विचारलं म्हणून कागदोपत्री बुक्की आता माझ्या सासऱ्यांची आहे. बाहेर एक बाई शेळी घेऊन बसल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं मांजरीले, मी म्हटलं काही नाही, पट्टा घ्यायचा आहे. पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

लस त्या दिवशी दवाखान्यात शिल्लक नव्हती. चिठ्ठी दिली, म्हणाले तालुक्याच्या मेडिकलमधून आणा, पण बर्फात घालून आणा, ही लस दोन ते आठ डिग्रीत राहिली पाहिजे, गरम झाली की पाणी टोचल्यासारखं. ती मिळाली तीनशेच्या आत. चहाच्या थर्मासात बर्फाचे तुकडे टाकून त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली. मांजराला तीन महिन्यांनंतर ही लस देता येते आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. तुमच्याकडे मांजर न्यायची पिशवी वगैरे नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिकचे कॅरेट घ्या, एक सरळ, एक उलटं वर, आणि चारी बाजूंनी दोरीने बांधा. हवाही येते आणि मांजर बाहेर पडत नाही. बुक्कीने पूर्ण रस्ता शिव्या दिल्या पण पोचली सुखरूप.

पट्ट्याबद्दल डॉक्टर साहेबांनी जे सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ते म्हणाले, लोकांना वाटतं घट्ट पट्टा वाईट, पण ढिला पट्टाही तेवढाच वाईट. ढिल्या पट्ट्यात मांजर अंग चाटताना पाय घालते, पट्टा काखेत जाऊन बसतो, आणि मांजर दोन-चार दिवस बाहेर राहिलं तर काखेत कापत जातो. अशा जखमा लवकर भरत नाहीत कारण चालताना ती जागा सतत हलते. म्हणून पट्टा घातल्यावर मान आणि पट्ट्याच्या मध्ये आडवी दोन बोटं जेमतेम जावी, त्यापेक्षा जास्त जागा नको. आणि घालताना मांजर मान फुगवते, म्हणून पाच-दहा मिनिटांनी परत बोटं घालून पाहायचं.

दुसरं त्यांनी न विचारता सांगितलं आणि हे कृपा करून सगळ्यांनी वाचा. बुक्कीच्या अंगावर पिसवा होत्या, मी विचारलं की कुत्र्याला गोचीड-पिसवांचा औषधी पट्टा मिळतो तोच कापून लहान करून घालू का. ते एकदम खुर्चीत पुढे झाले. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधात परमेथ्रिन किंवा त्याच जातीचं दुसरं रसायन असतं आणि मांजराचं लिव्हर ते फोडू शकत नाही. कुत्र्याला काही होत नाही, मांजराला लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. गुरांच्या अंगाला लावतो ती गोचिडाची औषधं, कृषी केंद्रातून आणलेली पावडर, हे सगळं त्यातच धरायचं. पाकिटावर मांजराचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरायचं आणि तेही डॉक्टरांना दाखवून. आपल्याकडे फवारणीचं औषध घरोघरी असतं म्हणून मुद्दाम लिहिते.

मायक्रोचिपचंही मी विचारून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेमागे कातडीखाली टोचतात, तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो, हरवत नाही, अडकत नाही. नागपुरात एका खासगी डॉक्टरांकडे फोनवर विचारलं तर हजाराच्या वर सांगितले. पण तो नंबर वाचायला स्कॅनर लागतो आणि आमच्या गावात टोपल्याखाली मांजर झाकून ठेवणाऱ्या बाईंकडे स्कॅनर कुठून येणार. शहरात असतो तर दोन्ही केलं असतं, इथे आधी पट्टा.

डिसेंबरमध्ये कापूस वेचणी जोरात असते, दिवसा वेळच नाही, म्हणून रात्री छतावर जाऊन, कारण नेटवर्क तिथेच, वाचत बसायचे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांचा २०१० साली छापलेला एक अभ्यास सापडला. ५३८ पाळीव मांजरांना वेगवेगळ्या तीन प्रकारचे पट्टे घालून सहा महिने पाहिलं. त्यातल्या जवळपास ७३ टक्के मांजरांनी सहा महिने पट्टा घालून काढला, म्हणजे "मांजर पट्टा ठेवतच नाही" हे सरसकट खरं नाही. १८ मांजरांचा पाय पट्ट्यात गेला, किंवा पट्टा तोंडात अडकला, किंवा कशाला तरी अटकला. टक्क्यात पाहिलं तर तीनच्या थोडं वर. कोणी म्हणेल कमी आहे, कोणी म्हणेल जास्त. मला तो आकडा वाचून दोन्ही वाटलं, म्हणजे पट्टा घालायला हरकत नाही आणि घालून विसरून जाण्यातही अर्थ नाही.

मग ऑनलाईन ऑर्डर. इथे एक सांगते की "क्विक रिलीज" आणि "ब्रेकअवे" हे एकच समजू नका. क्विक रिलीज म्हणजे बऱ्याचदा हाताने पटकन उघडणारी साधी क्लिप. "सेफ्टी कॉलर" लिहिलेलं असलं तरी काही खरं नाही, कोणी चमकणाऱ्या पट्टीला सेफ्टी म्हणतो तर कोणी इलॅस्टिकच्या तुकड्याला. मी ग्राहकांनी टाकलेले फोटो मोठे करून क्लिपचे काटे पाहायचे, शेजारीण म्हणाली मंगळसूत्र घेताना तरी एवढं पाह्यलं होतं का.

बऱ्याच ठिकाणी "आपल्या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही". एका ठिकाणी झालं, १९९ रुपये आणि वर डिलिव्हरीचे ४०. मग वाट पाहणं. पार्सल तालुक्यापर्यंत आलं आणि तिथेच बसलं, कुरिअरवाल्या भाऊंचा फोन, ताई गावात गाडी येत नाही, येऊन घेऊन जा. आणून उघडलं तर वर्णनात ब्रेकअवे लिहिलेलं आणि आत दप्तराची पक्की क्लिप! परत करायला गेले तर तुमच्या पिनकोडवरून परत उचलणार नाही, स्वतः पाठवा. मग पोस्टात स्पीड पोस्ट, पावतीचा फोटो अपलोड, तो धूसर आहे म्हणून परत अपलोड, ओटीपी यायला छतावर. पैसे आले, पण वेचणीचा हंगाम अर्धा संपला तेव्हा. खेड्यातून ऑर्डर करणार असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पोस्टाची पावती पैसे मिळेपर्यंत सांभाळा, तेवढ्यावरच माझं काम झालं.

शेवटी माझा भाचा कामी आला. तो नागपूरला शिकायला असतो. त्याला एका दुकानात पाठवून व्हिडिओ कॉल लावला आणि दुकानदारासमोर पट्टा पाण्याच्या बाटलीभोवती बांधून ओढायला लावला. टक्कन सुटला. मी छतावर ओरडलेच. २५० रुपये एक, दोन घेतले, कारण सुटणारा पट्टा म्हणजे कधीतरी हरवणारच. पातळ, एक सेंटिमीटर रुंद, पिवळा, मधून चमकणारी पट्टी. काळ्या मांजरासाठी चमकणारी पट्टी घ्याच, रात्री डांबरी रस्त्यावर मोटरसायकलवाल्याला काळी मांजर दिसतच नाही. वर्ष संपता संपता भाचा सुट्टीत आला, तो एसटीने घेऊन आला.

आता घरी परीक्षा. आमच्याकडे कापूस तोलायचा लटकता डिजिटल काटा आहे, हूकवाला. पट्टा बुक्कीच्या मापाला लावून गोल बंद केला, एक बाजू दाराच्या कडीत आणि दुसरी बाजू काट्याच्या हूकात, आणि हळूहळू ओढत आकडा पाहिला. दोन किलोच्या जवळपास सुटला. परत लावून ओढला, तेवढ्यातच सुटला. साठ रुपयांवाला सोबत आणलाच होता, मुद्दाम, त्याला दहा किलोपर्यंत ओढला, काही झालं नाही, मग कडीच हलायला लागली म्हणून सोडून दिला.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. पट्ट्याची दोन टोकं दोन हातात धरून ओढू नका, गोल बंद करूनच ओढा. मांजर लटकते तेव्हा पट्टा गोलच असतो, एका बाजूला फांदी आणि दुसऱ्या बाजूला मान, आणि ओढा दोन्ही पदरांत अर्धा अर्धा वाटला जातो. टोकं धरून जो पट्टा दोन किलोला सुटतो त्याला गोल लटकताना चार किलो लागणार, आणि सव्वातीन किलोची मांजर चार किलोचा ओढा स्वतःच्या नुसत्या वजनाने कुठून आणणार? हिसका मारेल, पण हिसका मारायची ताकद किती वेळ टिकेल? म्हणून मांजराच्या वजनापेक्षा बऱ्याच कमीत सुटला पाहिजे असा माझा हिशोब. काटा नसेल तर दोन किलो तुरीची डाळ पिशवीत घालून लटकवा, तेच ते.

ही परीक्षा चालू असताना सगळं घर जमा झालं होतं. सासूबाईंचं तेच, "अडीचशे रुपये देऊन सुटणारा पट्टा आणला, लोकं हसतीन." मी समजावत होते तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते कमी बोलतात, खाटेवरून म्हणाले, "बैलाच्या दाव्याले गाठ कशी मारतो आपण? एका हिसक्यात सुटली पायजे. कोठ्याले आग लागली तं गाठ सोडत बसन का कोणी?" झालं. त्यानंतर घरात कोणी विचारलं नाही, आणि मीही आता सगळ्यांना तेच सांगते. माझ्या अमेरिकेच्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते दाव्याच्या गाठीने झालं.

घंटीवरून मात्र वेगळंच भांडण. पट्ट्याला छोटी घंटी होती. पोरीला पाहिजे, कारण अंगणात चिमण्या येतात आणि बुक्की त्यांच्यावर टपलेली असते. सासूबाईंना नको, "घंटी वाजवत गेली तं उंदरं कोण पकडन? धान्याच्या कोठ्या तू राखशीन का?" शेजारच्या काकांनी मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार ती म्हण ऐकवलीच, त्यांना किती दिवसांपासून संधी पाहिजे होती. मी वाचलं तर ब्रिटनमधल्या २००५ च्या एका अभ्यासात घंटी असलेल्या मांजरांनी साध्या पट्ट्यापेक्षा ४१ टक्के कमी पक्षी घरी आणले होते आणि उंदरांसारखे छोटे प्राणी ३४ टक्के कमी. म्हणजे पोरगीही बरोबर आणि सासूबाईही बरोबर. मधला मार्ग असा काढला की घंटी काढली, आणि चिमण्या दाणे टिपायला येतात तेव्हा सकाळी बुक्कीला घरात कोंडायचं. पोरगी अजून माझ्यावर नाराज आहे. तुमच्या घरी धान्य नसेल तर घंटी ठेवा, माझं मत विचाराल तर चिमण्यांचाच पक्ष घ्यावा.

नंबरासाठी लटकता बिल्ला मी घेतला नाही. लटकणारी कोणतीही वस्तू जाळीत अटकते, आमच्या न्हाणीच्या मोरीला लोखंडी जाळी आहे, तिथे ती पाणी प्यायला तोंड घालते. त्याऐवजी परमनंट मार्करने पट्ट्यावरच मोबाईल नंबर लिहिला आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला. तरी तो पुसट होतो, मग परत लिहायचा. बारीक धाग्याने आकडे शिवून घेतले तर जास्त टिकतील, ते पुढच्या पट्ट्याला करणार. नंबर घरात दिवसा जो फोन उचलतो त्याचा लिहा, माझा दुपारी शेतात लागत नाही म्हणून मामाजींचा लिहिला.

माप बसवल्यावर पट्ट्याचं जास्तीचं टोक बरंच उरतं आणि मांजर ते चावत बसते, दात अडकू शकतो. ते कापून कडेला उदबत्तीचा चटका दिला, नायलॉन वितळतं आणि धागे निघत नाहीत. पट्टा मांजराच्या गळ्यात असताना नाही हं, काढून.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, तिळगुळाच्या गडबडीत पहिल्यांदा घातला. बुक्की आधी दगडासारखी बसून राहिली, मग पोट जमिनीला टेकवून उलटी चालायला लागली. पोरगी रडायला आली, काढ म्हणे. यात घाबरायचं नाही, पण जबरदस्तीही करायची नाही. जेवण देताना घालायचा, जेवण झालं की काढायचा, मग हळूहळू वेळ वाढवायचा. खाण्यात लक्ष असलं की ती विसरते. सुरुवातीला घरातच ठेवली, दारं लावून, मी समोर असतानाच. पहिला आठवडा मागच्या पायाने खाजवत राहायची, ते कमी झालं तेव्हाच बाहेर जाऊ दिली. कातडीवर लाल चट्टा किंवा केस गेलेले दिसले तर पट्टा काढून ठेवा. आणि पिल्लू असेल तर थांबा, पिल्लाची मान भराभर वाढते, आज बसणारा पट्टा महिन्याभरात गळ्यात रुततो. घालायचाच झाला तर दर दोन-तीन दिवसांनी बोटं घालून पाहायची तयारी पाहिजे.

हा पट्टा दोरी लावून फिरवायला अजिबात नाही. ओढलं की सुटणार, ते त्याचं कामच आहे. फिरवायचं असेल तर छातीवरून बांधायचा हार्नेस वेगळा मिळतो.

फेब्रुवारीत पहिला पट्टा गेला. बुक्की सकाळी घरी आली ती मोकळ्या गळ्याने. पराट्यांचा ढीग मागच्या आवारात रचलेला होता, सरपणासाठी, त्यात उंदीर असतात म्हणून ती आत शिरते. सरपण काढताना सासूबाईंना पट्टा तिथे सापडला, एका फाट्याला अटकलेला, क्लिप उघडलेली. त्यांनी तो आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धुऊन ठेव, चांगला हाय." सुटणाऱ्या पट्ट्यावरून हसणाऱ्या सासूबाई आता आल्या-गेल्याला तो दाखवतात.

त्यानंतर मी एक काम महिन्याचं ठरवून टाकलं. आपली काळी माती क्लिपच्या खाचेत जाऊन वाळली की सिमेंटासारखी बसते आणि मग सुटणारी क्लिपही सुटत नाही. सापडलेला पट्टा काट्यावर परत तपासला तर आधी दोनला सुटणारा आता तीनच्या पुढे गेला तेव्हा सुटला. जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात घासून, वाळवून परत ओढला तर पूर्ववत. उलटंही होतं, क्लिप झिजली की खाजवतानाच सुटायला लागते, मग नवीन घ्यायचा.

आणि फोन? आला. मार्चमध्ये, नाल्यापलीकडूनच, पण वेगळ्या घरून. मामाजींनी उचलला. तिकडून एक पोरगा म्हणत होता, आजोबा तुमची मांजर आमच्या कुटाराच्या ढिगात बसली हाय, उतरत नाही. मामाजींनी विचारलं कोणती मांजर, तो म्हणाला काळी, पिवळा पट्टा, नंबर तुमचाच हाय. मी गेले तर पोरं तिला दूध-पोळी देत होती आणि ती मजेत खात होती, हरवलेली वगैरे काही नव्हती.

खर्चाचं विचाराल तर दोन पट्ट्यांचे ५००, लस तीनशेच्या आत, पोस्ट आणि तालुक्याचे एसटी-ऑटोचे मिळून अजून तेवढेच धरा, बाजारातला साठवाला पट्टा वेगळा. तो साठवाला मी फेकला नाही, क्लिप कापून पोरीच्या डब्याच्या पिशवीला बंद म्हणून शिवला. आता पावसाळ्याच्या आधी भाचा येईल तेव्हा अजून दोन सांगितले आहेत, एक शेजारच्या काकांच्या बोक्यासाठी. त्याचं वजन पाच किलोच्या वर आहे, मान जाड, त्यामुळे आधी सुतळीने माप घेऊन भाच्याला पाठवायचं आहे आणि बोका माप घेऊ देत नाही, तेवढंच राहिलं आहे.